फॅक्टरवाल्या सिस्टर

माझ्या फोनमध्ये माणसांची नावं थोडी आणि सांधेच जास्त आहेत. ‘डावा गुडघा मोताळा’. ‘उजवं कोपर लोणार’. ‘घोटा संग्रामपूर’. ‘दोघं भाऊ चिखली’. रात्री-अपरात्री फोन वाजतो तेव्हा झोपेत नाव वाचून माणूस आठवायला वेळ लागतो. सांधा वाचला की मुलाचं वजन, त्याला लागणारी औषधाची वायल, त्याच्या गावाहून निघणारी पहिली एसटी, घरात कोण धीराचं आहे आणि कोण लगेच रडतं, हे सगळं एकदम समोर येतं. म्हणून मी नंबर असेच साठवत गेले. (इथं लिहिताना तालुक्यांची अदलाबदल केली आहे. ज्यांचं आहे त्यांना कळेल, इतरांना कळायची गरज नाही.)

मी नर्स आहे. नोकरीची बहुतेक वर्षं बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली अशी दोन्हीकडे गेली, आणि त्यातली निम्मी हिमोफिलियाच्या मुलांच्या मागं फिरण्यात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत या कामाला केस मॅनेजर म्हणतात, हे मला फार उशिरा, एका प्रशिक्षणात कळलं. आमच्याकडे या कामाला नावच नव्हतं. बायका मुलाला कडेवर घेऊन विचारत यायच्या, ‘त्या फॅक्टरवाल्या सिस्टर कुठी बसतात जी?’ तेच नाव पडलं.

हिमोफिलिया म्हटलं की लोकांना वाटतं, बोट कापलं तर रक्ताची धार लागते आणि माणूस जातो. तसं होत नाही. रक्त इतरांच्याच वेगानं येतं, फक्त थांबायचं विसरतं. तासन् तास झिरपत राहतं. बाहेरच्या जखमेपेक्षा आतलं झिरपणं वाईट. गुडघा, घोटा, कोपर या बिजागरीसारख्या सांध्यांत रक्त उतरतं, सांधा फुगतो, गरम लागतो, आणि असं एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा झालं की आतलं अस्तर कुरतडलं जाऊन तो आखडतो. रक्त गोठवणारी प्रथिनं, म्हणजेच फॅक्टर, एकमेकांचा हात धरून साखळीनं काम करतात. त्यातलं आठव्या क्रमांकाचं कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववं कमी असेल तर बी. ज्याच्या रक्तात हे प्रथिन नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी असतं, त्याला काही लागावंच लागतं असं नाही. तो रात्री नीट झोपतो आणि सकाळी फुगलेला गुडघा घेऊन उठतो. आई विचारत बसते, कुठं पडला होतास? तो खरंच सांगतो की कुठंच नाही, आणि खोटं बोलतो म्हणून मार खातो.

दर पाच हजार मुलग्यांमागं सुमारे एकाला हिमोफिलिया ए असतो, असं जगभरचं गणित सांगतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात पंचवीस लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. त्यात पुरुष तेरा लाखांच्या वर. म्हणजे अडीचशेच्या आसपास मुलं आणि पुरुष असायला हवेत. माझी वही त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. बाकीचे कुठं आहेत, हा विचार मला बसमध्ये नेहमी छळतो. काही बाळपणीच गेले असतील, नाव ठेवायच्या आधी. काही एखाद्या पारावर आखडलेला पाय पसरून बसले असतील आणि गाव त्यांना पोलिओ झालेला समजत असेल.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे, आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे. त्या आजाराला १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम मिळाली. शाळांत, वस्त्यांवर रक्त तपासतात, मुलांना कार्ड मिळतं. हिमोफिलियाची अशी सरसकट तपासणी होत नाही. तो शोधावा लागतो सुजलेल्या गुडघ्यावरून, आणि बहुतेक वेळा आजीच्या आठवणीवरून.

आजीची गोष्ट सांगते. घाटाखालच्या एका गावातलं सहा वर्षांचं पोरगं. गुडघा कलिंगडाएवढा. घरच्यांनी वात समजून आधी तेल चोळलं, मग कुणीतरी सुई घालून ‘पाणी’ काढलं. निघालं रक्त, आणि सुईचं भोक दोन दिवस वाहत राहिलं. आमच्याकडे आलं तेव्हा पोरगं कागदासारखं पांढरं. डॉक्टरांनी मला खूण केली, घरची माहिती काढा. मी आईला विचारलं, तुमच्या भावांपैकी कुणी लहानपणी गेलं का? आई नाही म्हणाली. नवरा शेजारी उभा होता, सासू मागं. त्या दोघांसमोर कोण बाई सांगणार की माझ्या माहेरी असं होतं? मी नवऱ्याला केसपेपरच्या रांगेत पाठवलं, सासूला चहा आणायला. तरीही आई गप्प. तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली मुलाची आजी, आईची आई, पदराशी चाळा करत बोलली, ‘दोन गेले मायबाई. एक दात पाडल्यावर गेला. दुसरा पोळ्याच्या दिवशी बैलावरून पडला, डोकस्याले काई लागलं नव्हतं, पन तिसऱ्या दिवशी गेला. हे लहान होती, हिले मालूम नाई.’

तेव्हापासून मी एक नियम केला. मुलासोबत कोण आलं आहे ते पाहायचं, आईची आई असेल तर तिला आधी स्टूल द्यायचं आणि घाई करायची नाही. आजीला बोलायला वेळ लागतो, कारण तिनं ते चाळीस वर्षं कुणाला सांगितलेलं नसतं.

आजीनं सांगितलं म्हणून निदान होत नाही, त्याला तपासणी लागते. प्लेटलेट नेहमीसारख्या, पीटी नेहमीसारखा आणि एपीटीटी लांबलेला, असा रक्ताच्या चाचण्यांचा अहवाल दिसला की आमचे कान टवकारतात. पण कुठलं फॅक्टर किती आहे हे पाहायचं तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो. त्यासाठी निळ्या टोपणाची नळी असते. आत सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, खुणेपर्यंत बरोबर भरावी लागते. सुरुवातीच्या काळात एका हडकुळ्या बाळाची शीर सापडेना, ते आक्रोश करत होतं, आणि मी नळी खुणेच्या खालीच सोडली. चालेल, असं मनाशी म्हटलं. ती बर्फात घालून अकोल्याला निघालेल्या माणसाच्या हाती दिली. अहवाल चुकीचा आला. त्या बाळाला पुन्हा बोलवावं लागलं, पुन्हा टोचावं लागलं, आणि बापाची दोन दिवसांची मजुरी पुन्हा बुडाली. ती चूक माझी होती. आजही नव्या मुलींना शिकवताना मी नळी उजेडात धरून खूण दाखवते आणि ही गोष्ट सांगते.

निदान झालं की घरच्यांना वाटतं, आता औषध मिळालं, सुटलो. औषध, म्हणजे वायलमधून येणारं फॅक्टर, आहेच, आणि ते चांगलं आहे. पन्नाशीचे एक शिक्षक माझ्या वहीत आहेत. त्यांच्या लहानपणी फॅक्टरचं नावही इकडे कुणी ऐकलं नव्हतं. गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला की तळाशी जो साका राहतो, त्यात आठवं फॅक्टर दाटलेलं असतं, हे अमेरिकेत जुडिथ पूल यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं. तो साका, क्रायो, मिळवण्यासाठी या सरांचे वडील नागपूरला रात्रीच्या गाडीनं जायचे. सरांचे दोन्ही गुडघे आता वाळल्या लाकडासारखे आहेत. ते मुलांना म्हणतात, तुम्ही नशीबवान, तुमच्या वेळी वायल आली.

राज्य सरकारनं सुरुवातीला ठाणे, नाशिक, सातारा आणि अमरावतीला हिमोफिलियाची डे केअर केंद्रं काढली. आमच्यासाठी त्यातलं जवळचं अमरावती. जवळचं म्हणजे बुलढाण्याहून दोनशे किलोमीटरच्या घरात. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या काळापासून चालू आहे. गाडी पकडायची तर राजूरचा घाट उतरून मलकापूरला जायचं आणि बडनेऱ्याला उतरायचं. सांध्यात रक्त उतरायला लागलं की पहिल्या दोन तासांत फॅक्टर द्यावं असं पुस्तक सांगतं. दोनशे किलोमीटर आणि दोन तास यांचा मेळ कसा घालायचा, हे पुस्तकात नाही. माझं सगळं काम त्या फटीत आहे.

फार लांबच्या मुलांसाठी डॉक्टर एक-दोन वायल घरी ठेवायला द्यायचे. फॅक्टर दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात घाटाखाली पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि वीज दुपारीच जाते. एका घरी फ्रिज नव्हता. आईनं गावातल्या किराणा दुकानदाराला गाठलं. त्याच्याकडे दूध आणि थंड बाटल्यांचा फ्रिज होता. त्यानं आधी ऐकूनच घेतलं नाही, भानगड नको म्हणाला. मी गेले, त्याला मुलाचा गुडघा दाखवला, डब्यातली वायल दाखवली. त्यानं काही न बोलता दुधाच्या पिशव्या सरकवून मागच्या कोपऱ्यात जागा केली. पुढच्या महिन्यात पाहायला गेले तर डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली: ‘देवाचं आहे. हात लावू नये.’ मी विचारलं, देवाचं कसं? तो म्हणाला, ‘औषध लिहिलं असतं तं पोट्ट्यायनं उघडून पाह्यलं असतं जी. देवाच्या डब्याले कोनी हात लावत नाई.’ आणखी एक गोष्ट त्यानं स्वतःहून केली. दुकान रात्री नऊला बंद व्हायचं, म्हणून त्यानं शटरची दुसरी किल्ली मुलाच्या आईकडे दिली. गल्ल्यासकट दुकान, आणि उधारी थकलेल्या बाईच्या हातात किल्ली! एकदाच घोटाळा झाला. जास्त गार बरं म्हणून त्याच्या पोरानं डबा वरच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवला आणि वायल वाया गेली. दुकानदार माझ्यापुढं अपराध्यासारखा उभा राहिला. मी त्याला सांगितलं, चूक माझी, बर्फाच्या कप्प्याचं मी सांगितलंच नव्हतं.

वायल घरी आहे, पण टोचणार कोण? गावातले काही डॉक्टर नाव ऐकूनच हात जोडतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. स्नायूत सुई टोचली तर आत गाठ होते, म्हणून या मुलांना कमरेत इंजेक्शन द्यायचंच नाही. दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन द्यायचं नाही. फॅक्टर शिरेतूनच द्यायचं. मग मी आयांना शिकवायला सुरुवात केली, डॉक्टरांच्या परवानगीनं. वायल हलवायची नाही, फेस होतो. दोन तळहातांत धरून वात वळल्यासारखी फिरवायची. ‘वात वळल्यासारखी’ म्हटलं की एकही बाई चुकत नाही. आधी सलाईनच्या नळीवर सराव, मग माझ्या हातावर. नांदुऱ्याकडच्या एका घरात वडील शिकायला बसले. त्यांना सुई पाहूनच घेरी आली, बिचारे भिंतीला टेकून बसले. आई शेतमजूर. कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली. म्हणाली, ‘मह्या हातानं होईन का बाई, हे हात पाहा.’ मी तिचे हात पाहिले. काटेरी बोंडातून सरकी न सांडता कापूस ओढणारी ती बोटं, दिवसभरात हजारो वेळा तेच नेमकेपणानं करणारी. तिसऱ्या बैठकीत तिनं माझी शीर पहिल्या टोचण्यात धरली. आता तिच्या मुलाला गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं, सूज यायच्या आधीच, की ती अर्ध्या तासात फॅक्टर देते आणि मग मला फोन करते. किती दिलं, किती वाजता, वायलचा बॅच नंबर काय, सगळं वाचून दाखवते. ती तिसरीपर्यंत शिकली आहे. तिची वही माझ्या वहीपेक्षा स्वच्छ आहे.

मात्राही अशीच बोटांवर मोजायला शिकवावी लागते. किलोमागं एक युनिट दिलं की आठवं फॅक्टर साधारण दोन टक्क्यांनी चढतं, आणि दहा-बारा तासांत निम्म्यावर येतं. म्हणून डोक्याला मार असेल तर एकदा देऊन भागत नाही.

डोक्याच्या माराची एक रात्र अजून डोळ्यापुढं आहे. सिंदखेड राजाच्या बाजूचा आठ वर्षांचा मुलगा संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला. सूज नाही, जखम नाही, जेवला, खेळला आणि रात्री साडेदहाला एकदा उलटी केली. आईनं फोन केला. या आजारात डोक्याला मार म्हटलं की फॅक्टर आधी आणि स्कॅन नंतर, हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. घरी वायल नव्हती. १०८ ला फोन लावला, गाडी निघाली. मी रुग्णालयात फोन केला, रात्रपाळीचे डॉक्टर तयार झाले. फॅक्टर औषध भांडारातल्या फ्रिजमध्ये होतं आणि भांडाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते पुतणीच्या लग्नाला देऊळगाव राजाला गेलेले. फोन लागेना. लग्नात डीजेच्या आवाजात फोन कोण ऐकतं? मी त्यांच्या बायकोचा नंबर शोधला. तिच्याशी माझी ओळख हळदीकुंकवाची. तिनं पंगतीत जाऊन नवऱ्याला उठवलं. तो माणूस हात न धुता मोटरसायकलवर बसला आणि काळोखात निघाला. इकडे १०८ सिंदखेड राजाहून निघालेली, तिकडे किल्ली देऊळगाव राजाहून. मी दोन्हीकडे फोन करत दारात उभी. किल्ली दहा मिनिटं आधी पोचली. त्यांच्या बोटांना जिलबीचा पाक होता आणि त्यांनी कुलपाची कडी तशीच धरली, ती कडी सकाळपर्यंत चिकट होती. मुलाला फॅक्टर मिळालं, मग स्कॅन झालं. आत रक्त होतं, थोडं. पुढं अमरावती, तिथं आठवडाभर. आज तो नववीत आहे.

त्यानंतर त्या भांडाराची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या टेबलाच्या खणात राहू लागली. त्यासाठी अर्ज, शेरा, सह्या यात तीन आठवडे गेले. आमच्या कामात जीव वाचवणाऱ्या गोष्टी बहुतेक अशाच असतात, खणातल्या किल्लीएवढ्या. त्यांचा कुठल्या अहवालात उल्लेख होत नाही.

सगळ्या रात्री अशा संपल्या नाहीत. बावीस वर्षांचा एक मुलगा होता, आयटीआय झालेला, हुशार. रात्री डोकं दुखायला लागलं. त्याच्या घरी माझा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता. सकाळी सातला फोन आला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. आम्ही काहीच करू शकलो नाही. तेराव्याला गेले तेव्हा त्याची आई मला म्हणाली, ‘रातीचे दोन वाजले होते जी. तुमी दिवसभर कामं करता, तुमाले रातीचं कायले उठवा, म्हनून उजाडाची वाट पाह्यली.’ माझी झोपमोड होऊ नये म्हणून. मी नंतर कितीतरी दिवस त्या वाक्यासह उठत होते. आता नव्या घरी गेले की मी आधी हेच बोलते. नंबर देते आणि समोर बसून मिस कॉल मारायला लावते. मग म्हणते, एकदा तरी रात्री दोन वाजता फोन कर, काही नसलं तरी कर. काही आया खरंच करतात. फोन उचलला की घाईनं म्हणतात, ‘काई नाई सिस्टर, उचलता का ते पाह्यलं.’ आणि ठेवून देतात. मला त्या फोननंतर चांगली झोप लागते.

आईवर येणारा दोष हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असली तर प्रत्येक मुलग्याला आजार व्हायची शक्यता निम्मी. हे सांगावं तर लागतं, आणि सांगितलं की सासरचे तेवढंच ऐकतात: पोरीच्या माहेरचं रक्त खराब. मलकापूरकडच्या एका घरात सुनेला परत पाठवायची बोलणी चालली होती. मी सासूला स्वयंपाकघरातच गाठलं. ती ज्वारीच्या पिठाची भाकरी थापत होती. परातीतल्या पिठावर बोटानं रेघा ओढून मी तिला समजावलं. दर तीन मुलांमागं साधारण एकाच्या घराण्यात मागं कुणालाच हा आजार नसतो, तो नव्यानंच उगवतो, हेही सांगितलं. ती म्हातारी रेघांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे माह्या पोटी आला असता तं मह्या सासूनं मले हाकललं असतं.’ तिनं हातानं त्या रेघा पुसून पीठ पुन्हा एकत्र केलं. सून त्या घरात आहे.

घरात बहीण असेल तर मी पांढऱ्या कपड्यांत जात नाही. गाडी स्टँडवर सोडते, साधी साडी नेसते. सरकारी गाडी दारात थांबली की त्या मुलीच्या स्थळांवर परिणाम होतो. तिची तपासणी करायची की नाही हे ती सज्ञान झाल्यावर तिलाच विचारायचं, आणि निकाल तिच्याच हाती द्यायचा. तिचा बाप मागतो तेव्हाही नाही म्हणायचं. यावरून मी शिव्या खाल्ल्या आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तिन्ही आजार आले. प्रमाणपत्र मिळालं की शिक्षणात, नोकरीत आधार मिळतो. एसटीनंही या रुग्णांना प्रवासात सवलत दिली आहे. पण प्रमाणपत्राच्या रांगेत उभं राहायचा दिवस ठरलेला असतो आणि सांध्याचा दिवस ठरलेला नसतो. माझ्यासोबत आलेल्या एका मुलाला टेबलापलीकडच्या गृहस्थांनी चालून दाखवायला सांगितलं. तो चालला, कारण त्या दिवशी गुडघा बरा होता. ‘चालतोय की,’ म्हणाले आणि कागद बाजूला ठेवला. पुढच्या वेळी मी वही घेऊन गेले. दोन वर्षांत त्याला किती वेळा रक्त उतरलं, शाळेचे किती दिवस बुडाले, किती वायल गेल्या, तारीखवार. वही पाहून त्यांनी कागद पुन्हा पुढं ओढला. मी तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या आईला वही घालून देते, दोनशे पानी, पुठ्ठ्याची.

आता एमिसिझुमॅब हे औषध आलं आहे. शीर शोधायची नाही, कातडीखाली टोचायचं, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला एकदा. काही मुलांच्या शरीरात फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात, मग फॅक्टर कितीही द्या, लागू पडत नाही. तीव्र हिमोफिलिया एच्या साधारण चौथाई मुलांत हे होऊ शकतं. त्यांच्यासाठी हे औषध म्हणजे नवा जन्म. डिसेंबर २०२४ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांवरच्या जनुक उपचाराचे निकाल प्रसिद्ध केले. २०२४ मध्येच बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं. घाट उतरून दोनशे किलोमीटर जायचे दिवस संपावेत, असं मला फार वाटतं. औषध टोचायला कुणीही शिकेल. ते महिन्याच्या महिन्याला आठवणीनं आणायचं, ठेवायचं, आणि मूल बरं दिसतंय म्हणून आई ते बंद करणार नाही हे पाहायचं, यासाठी मात्र कुणीतरी फोनवर असावंच लागेल. त्या पदावर अजून बऱ्याच ठिकाणी माणूस नाही.

‘डावा गुडघा मोताळा’ हा माझ्या फोनमधला सगळ्यात जुना नंबर. तो मुलगा दहा वर्षांचा होता तेव्हापासूनचा. सतरा वर्षांचा असताना त्यानं हट्ट धरला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावला पायी जायचं. आई हो म्हणेना. मी डॉक्टरांशी बोलले. सकाळी फॅक्टर घेऊन निघायचं, शेवटचे चार किलोमीटरच चालायचं, बर्फाचा डबा सोबत, आणि दुखलं तर तिथंच बसायचं, असं ठरलं. मीही चालले त्याच्यासोबत. तो एकदाही बसला नाही. मंदिराचा कळस दिसला तेव्हा त्यानं गुडघ्यावर हात ठेवून नमस्कार केला, आधी गुडघ्याला, मग कळसाला.

तो आता टॅक्सी चालवतो. गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला त्याचा फोन आला. स्क्रीनवर ‘डावा गुडघा मोताळा’. मी उठून बसले, चष्मा शोधत विचारलं, किती सुजला? तो म्हणाला, ‘गुडघा ठीक आहे सिस्टर. पोरगी झाली.’ मग थोडा वेळ दोघंही बोललो नाही. हिमोफिलिया असलेला बाप मुलग्यांना तो आजार देत नाही, मुली मात्र सगळ्या वाहक असतात. त्याला हे लग्नाआधीच माहीत होतं, मी बायकोसमोर बसवून सांगितलं होतं. तिनं ऐकून लग्न केलं होतं. काही वाहक मुलींचंही फॅक्टर कमी भरतं.

मी विचारलं, वजन किती? तीन किलो, म्हणाला. रडली का? लगेच. मी उशाची वही ओढली, नवं पान काढलं, तारीख घातली.

‘बारशाला कान टोचायचे का?’ मी विचारलं.

‘आईनं सोनाराला सांगून ठेवलं आहे.’

‘त्याला थांब म्हण. आधी रक्त घेऊ. निळ्या टोपणाची नळी मी घेऊन येते, खुणेपर्यंत भरायची असते.’

‘कधी येता?’

‘सोमवारी, पहिल्या गाडीनं,’ मी म्हटलं, आणि नाव विचारायचं राहिलं म्हणून पुन्हा फोन लावला. नाव अजून ठरलं नव्हतं. वहीत मी ‘मोताळा, मुलगी’ असं लिहिलं आणि पुढं जागा सोडली.